एकशे एकसष्टावा

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा आप्पा प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. अकरा चिठ्ठ्या राहिल्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून चिकटवल्या, नंबर वहीशी ताडून पाहिले, हात धुतले आणि मग शेजारच्या इमारतीत, ती जिथे दाखल होती त्या चौथ्या मजल्यावर गेले. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघून त्यांच्या आधी तिथे पोचले होते.

दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. निवृत्त मुख्याध्यापक, आणि गेली चाळीस वर्षं दारूबंदीवर भाषणं देणारे. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या दिवसापासून आठ महिने दोघांमधलं बोलणं "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" या पाच शब्दांवर अडलं होतं. कारण आप्पांना कळत होतं, पण विचारायची छाती होत नव्हती. दादांनी आपल्याशी बोलावं एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. लग्नाआधीची बायको, परकरातली, शाळेत जाणारी, झाडावरून पडलेली, ती फक्त दादांना ठाऊक होती. आणि दादा गप्प होते.

निवृत्त झाल्यावर आप्पा घरात बसून राहू लागले. आठवड्याचे बाकीचे दिवस कसेबसे जायचे, शनिवारची संध्याकाळ जाता जायची नाही. मुलीच्या हे लक्षात आलं. ती विद्यापीठाच्या आरोग्य विभागात कामाला होती.

"आप्पा, शनिवारी रात्री माझ्याबरोबर यायचं. काम आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"नाइटक्लबात."

आप्पांनी चष्मा काढला. "कुणाला शोधायचंय का?"

"मोजायचंय. क्लबात येणारे लोक किती दारू घेतात, कसल्या गोळ्या घेतात, त्याची पाहणी आहे. आत जाताना मोजायचं, बाहेर येताना मोजायचं. दर पाचवा माणूस. नाव विचारायचं नाही, मनगटाला नंबराची कागदी पट्टी बांधायची. त्याने मशीनमध्ये फुंकायचं आणि थुंकीची काडी द्यायची. माझा मदतनीस सोडून गेला, आणि मला चूक न करणारा माणूस हवाय."

"लोक काय म्हणतील?"

"तिथे तुमच्या ओळखीचं कोण येणार आहे?"

आप्पांनी चष्मा पुन्हा घातला आणि होकार दिला. मुलीने विभागप्रमुख मॅडमना लेखी कळवलं, की माझे वडील चाळीस वर्षं प्रयोगशाळेत होते आणि त्यांच्या हातून एकदाही चूक झालेली नाही. जावयालाही जुंपलं. त्याच्याकडे बाहेर पडण्याचं दार दिलं.

पहिल्या शनिवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दाराजवळ मुलीचं टेबल. त्याच्या मागे कापडाचा आडोसा आणि आडोशाआड आप्पांची खुर्ची, मशीन, ट्रे, काड्या, बाटल्या. सगळं नीट मांडून होतंय तोच आत गाणं सुरू झालं आणि खुर्चीचे पाय थरथरू लागले. तो आवाज कानातून येतच नव्हता, जमिनीतून निघून कण्यातून वर चढत होता. आप्पा उठले, पडदा बाजूला करून त्यांनी आत पाहिलं, आणि पाहतच राहिले.

तीनशे माणसं एकदम उडी मारत होती. एकदम हात वर, एकदम खाली. शिट्टी नाही, हुकूम नाही, कवायतीचा मास्तर कुठेच नाही. दवाखान्यात तीन माणसांची सरळ रांग लावताना आप्पांचा घसा बसायचा.

"हे यांना शिकवतं कोण?" त्यांनी दारावरच्या रखवालदाराला विचारलं. त्याचे दंड एवढे होते की सगळे त्याला पहिलवान म्हणायचे.

"कोण शिकवणार, काका? आत गेलं की आपोआप होतं."

दुसरा धक्का मशीनने दिला. मुलीने समजावून ठेवलं होतं: तीसच्या वर आकडा गेला तर माणसाने गाडी चालवू नये, दीडशेला पाय लटपटतात, तीनशेच्या वर माणूस आडवा होतो आणि कधी कधी उठतच नाही. पहिली आली ती चांदीच्या रंगाचे बूट घातलेली मुलगी. बुटांच्या टाचा वीतभर उंच. आप्पांच्या मुलीने टेबलावर तिला विचारलं होतं, आज काही घेतलंय का, आणि तिने सांगितलं होतं, अजून काहीच नाही. तिने फुंकलं. आकडा आला एकशे अठ्ठ्याऐंशी.

आप्पांनी आकड्याकडे पाहिलं, मग टाचांकडे पाहिलं. "ताई, जरा एका पायावर उभी राहतेस?"

ती एका पायावर उभी राहिली. वर एक गिरकी घेतली.

"चक्कर वगैरे?"

"नाही हो, काका. का?"

"काही नाही. जा, बाळ, सांभाळून."

त्यामागून आलेला जाड चष्म्याचा तरुण म्हणाला, मी दारू घेतच नाही. एकशे पंच्याण्णव. शंभरापासून उलटे आकडे त्याने न अडखळता म्हणून दाखवले. त्याच्यानंतर दोघी बहिणी, दोनशे दोन आणि दोनशे सहा. चालताना एकीच्या हातातल्या ग्लासातलं पाणीसुद्धा हललं नाही. आप्पांचा विश्वास बसेना. ही माणसं कसल्या मातीची?

गोळ्यांचे प्रश्न विचारायचं काम मुलीने मध्येच आप्पांकडे दिलं, कारण टेबलावर गर्दी होत होती. आप्पांना दवाखान्यातली सवय, ते मोठ्याने विचारायचे.

"गेल्या चोवीस तासांत कुठली गोळी घेतली का?"

"हळू बोला ना, काका!" एका मुलीने मागे वळून पाहिलं. मग पुढे वाकून म्हणाली, "अर्धी. मैत्रिणीने दिली. मघाशी."

"जेवणाआधी की नंतर?"

"अं?"

"रिकाम्या पोटी घेऊ नये कधी. आम्लपित्त होतं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग खळखळून हसली आणि तिने सगळं सांगितलं. गोळी कुठली, आधी कधी घेतली होती, त्यानंतर किती भीती वाटली होती, सगळं. आप्पा लिहून घेत होते. एका अनोळखी म्हाताऱ्याला ही पोरं इतकं खरं सांगतात, याचंच त्यांना नवल वाटत होतं. आणि मग दारूबद्दल ती साफ खोटं कशी बोलतात, याचं त्याहून जास्त.

पहाटे जावयाचे कागद आले. बाहेर पडताना लोकांचे आकडे होते चाळीस, साठ, सत्तर. काहींचा शून्य.

"हे उलटं झालं," मुलगी म्हणाली. "आत जाताना सरासरी एकशे नव्वद आणि बाहेर येताना साठ?"

"मी पाकीट फोडतो, नळी लावतो, फुंकायला सांगतो, आकडा लिहितो," जावई म्हणाला. "यापलीकडे मला काही विचारू नकोस. मला झोप आलीय."

दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारीही तेच. एकशे बेचाळीस माणसं मोजून झाली आणि एकानेही नियम मोडला नाही. सगळे तर्र होऊन आत जात होते आणि शुद्धीवर येऊन बाहेर पडत होते.

मॅडम स्वतः आल्या. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असलं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद उलटेपालटे करून पाहिले, चष्मा पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अशी नोंद जगात कुठे नाही."

"मशीन चुकत असेल, मॅडम," मुलगी म्हणाली.

"मशीन दर सोमवारी तपासलं जातं. माणूस चुकत असेल म्हणावं, तर तूच लिहून दिलंयस." मॅडमनी आदराने आडोशाकडे पाहिलं. आप्पा संकोचून उभे राहिले. "राहता राहिलं हे सभागृह. इथे काहीतरी आहे."

त्यांनी क्लबाच्या मालकाला बोलावलं. खिडक्या किती, पंखे किती, हवा कुठून येते, लोक तासाला किती उड्या मारतात, सगळं विचारलं. मालक भांबावून उत्तरं देत होता. प्रकार कळल्यावर तो स्वतःच्याच सभागृहात असा शिरला, जणू पहिल्यांदाच येतोय. भिंतीला हात लावून पाहिला. "मला वाटायचंच," तो म्हणाला. "इथे आलं की मलासुद्धा हलकं वाटतं."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'इथे उतरते.'

पाटीची चर्चा झाली. चर्चा पसरली तशी हेही पसरलं, की दर शनिवारी एक म्हातारा तिथे दाराशी बसलेला असतो. ते वहिनींच्या, म्हणजे दादांच्या बायकोच्या, कानावर गेलं. वहिनींच्या कानावर गेलेलं दादांच्या कानावर जायला जेवणाची पहिली वाढणी पुरते.

चौथ्या शनिवारी, दहाच्या सुमाराला, दादा आले. बंद गळ्याचा कोट, हातात काठी. मागे वहिनी. पहिलवानाने सवयीने दोघांना रांगेत घेतलं.

"मामा!" मुलगी उडालीच. "तुम्ही इथे?"

"तुझ्या वडलांना न्यायला आलोय," दादा सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझ्या बहिणीला जाऊन वर्षही झालं नाही आणि हे गृहस्थ दारूच्या गुत्त्याच्या दाराशी बसतात!"

आप्पा आडोशामागून बाहेर आले. दादा आले, आपल्याला न्यायला का होईना पण आले, या आनंदात त्यांना काय बोलावं सुचेना. त्यांनी मुलीच्या हातातल्या यादीकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, तुम्ही पाचवे."

"काय पाचवा?"

"दर पाचव्या माणसाला विचारायचं असतं. नको असेल तर नाही म्हणता येतं, सक्ती नाही."

"नाही कशाला म्हणू?" दादांनी काठी टेबलावर आपटली. "मोजा! चार लोकांसमोर मोजा. स्वच्छ माणूस कसा असतो ते या पोरांना बघू दे. आयुष्यात एक थेंब घेतलेला नाही!"

रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादांच्या मनगटाला पट्टी बांधली, नंबर एकशे एकसष्ट. आप्पांनी नळी लावली. दादांनी फुंकलं.

दोनशे एक.

टाळ्या थांबल्या. आतलं गाणं तेवढं चालू होतं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही काय घेतलंत?"

"सूप! तूच दिलंस!"

"मी दिलं त्यात काही नव्हतं."

"भलतंच! पुन्हा मोजा. आप्पा, पुन्हा!"

परका असता तर दुसऱ्यांदा मोजून सोडून दिलं असतं, पण हे घरचं माणूस. आप्पांनी नवी नळी घेतली, नेहमीपेक्षा दुप्पट काळजी घेतली. दोनशे साठ.

"वाढतेय!" रांगेतलं कुणीतरी म्हणालं. "आजोबांना जागच्या जागी चढतेय!"

तिसऱ्या वेळी तर आप्पांनी जीव ओतला. तीनशे छत्तीस.

दादा हळूच खुर्चीवर बसले. चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि त्या जागी एक नवीनच भाव आला होता. "आप्पा," ते म्हणाले, "मला जमीन हलल्यासारखी वाटतेय."

जमीन खरंच हलत होती, आत नाच चालू होता. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मामा, सतराचा पाढा म्हणा," मुलगी घाबरून म्हणाली.

दादांनी सतराचा पाढा म्हटला. विचारलं नसताना एकोणिसाचाही म्हटला. एक आकडा चुकला नाही. पहिलवानाने कानाला हात लावला. "तीनशे छत्तीसला पाढे! आमच्या इथे असला माणूस आला नाही आजवर."

"मी गाडी बोलावते. दवाखान्यात नेऊ," मुलगी म्हणाली.

"काही नको!" वहिनी कडाडल्या. "चाळीस वर्षं दारूबंदीची भाषणं केलेला माणूस दारू चढली म्हणून दवाखान्यात? उद्या तोंड कुठे दाखवू?"

तेव्हा आप्पांनी पाटीकडे पाहिलं. एकशे बेचाळीस माणसांचा पुरावा डोळ्यांसमोर होता. "आत नेऊ या का?" ते म्हणाले. "आत उतरते."

मुलीने मॅडमना फोन लावला. मॅडम झोपेतून उठल्या होत्या, पण आकडा ऐकून त्यांची झोप उडाली. "शुद्धीवर आहेत? बोलतायत? मग आत न्या, सोबत कुणीतरी राहू दे, आणि अर्ध्या तासाने बाहेरच्या दारावर मोजा. हातची संधी घालवू नकोस!"

असे दादा नाइटक्लबात शिरले. डाव्या हाताला आप्पा, उजव्या हाताला काठी. निळा उजेड, धूर, अंगाला घासून जाणारी माणसं. चांदीच्या बुटांची मुलगी त्या रात्रीही आली होती. तिने आप्पांना ओळखलं, "काका!" म्हणून ओरडली आणि दोघांसाठी खांबाजवळ जागा करून दिली. दोघे खांबाला टेकून उभे राहिले, डोळे विस्फारून. आजूबाजूला शेकडो हात वर जात होते.

"हे यांना शिकवतं कोण?" दादांनी आप्पांच्या कानात ओरडून विचारलं.

"मीही हेच विचारलं होतं!"

दादा थोडा वेळ बघत राहिले. मग पुन्हा कानाशी आले. "आप्पा, मी आज शुद्धीत नाही. म्हणून बोलतो. तू त्या दिवशी उशिरा आलास."

पस्तीस वर्षांत दादांनी आप्पांना 'तू' म्हटलं नव्हतं. बहिणीचा नवरा वयाने लहान असो की मोठा, त्याला 'तुम्ही'च म्हणायचं, असा त्यांचा कायदा होता.

"मी टोकावरून आलो आणि तू शेजारच्या इमारतीतून नाही आलास. नंतर मला तुझ्या प्रयोगशाळेतल्या शिपायाने सांगितलं. तू काय करत बसला होतास ते. तू..." आणि नेमकं तेव्हाच गाणं थांबलं, "...चिठ्ठ्या चिकटवत होतास!"

सगळ्या सभागृहाने ते ऐकलं. तीनशे माणसं त्या दोघांकडे बघू लागली.

आप्पांनी मान खाली घातली. आता कानात ओरडायची गरज नव्हती, ते आपल्या नेहमीच्या आवाजात बोलले. "अकरा राहिल्या होत्या, दादा. चिठ्ठी नसली की ते रक्त टाकून देतात. त्या अकरा जणांना पुन्हा सुया टोचाव्या लागल्या असत्या. आणि दुसरं म्हणजे, चिठ्ठ्या संपल्या की मला निघावं लागणार होतं. निघालो की ते खरं होणार होतं. म्हणून मी सावकाश चिकटवल्या."

गाणं पुन्हा सुरू झालं. दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"हे मला कधी सांगितलं नाहीस!" ते ओरडले.

"तुम्ही विचारलं नाहीत!"

"कसा विचारणार? मी शुद्धीत होतो!"

मग दादांनी काठी खांबाला टेकवून ठेवली. आप्पांना वाटलं, ते बसणार. पण दादांनी उजवा हात वर केला. मग डावा. कोटाची बाही कोपरापर्यंत खाली आली. त्यांना उडी मारता येत नव्हती, पण गुडघ्यातून ते ठेक्यात वाकत होते. चांदीच्या बुटांची मुलगी त्यांच्यासमोर येऊन तशीच वाकू लागली. मग तिच्या मैत्रिणी. बघता बघता दादांभोवती रिंगण झालं आणि रिंगणातले सगळे गुडघ्यातून वाकू लागले. आप्पांनी आयुष्यात सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ चमत्कार पाहिले होते. असला एकही नव्हता.

चाळीस मिनिटांनी दादा घामाघूम होऊन बाहेरच्या दाराशी आले. जावयाने जांभई देत पाकीट फोडलं, नळी लावली.

"फुंका, मामा."

शून्य.

"उतरली!" वहिनींनी हात जोडले. "खरंच उतरते हो इथे!" त्यांनी दादांना गाडीत बसवलं, मिनिटभरही न थांबता. न जाणो, पुन्हा चढली तर!

मुलगी मात्र कागदाकडे बघत उभी होती. "तीनशे छत्तीस चाळीस मिनिटांत शून्य? माणसाच्या अंगातून तासाला फार तर पंधरा-वीस कमी होते. मामांना उद्या संध्याकाळपर्यंत उतरायला नको होती."

"मामांचं लिव्हर म्हणजे मुलखावेगळं दिसतंय," जावई म्हणाला.

मुलगी आडोशामागे गेली. चार आठवड्यांत पहिल्यांदाच तिने आप्पांचा ट्रे नीट पाहिला. मशीन. काड्या. नळ्यांची पाकिटं. कापूस. आणि एक बाटली.

"आप्पा, हे काय आहे?"

"स्पिरिट."

"कशाला?"

"नळी पुसायला."

"ती नळी नवीन असते. पाकिटात बंद."

"पाकीट कुणी भरलं, तुला माहीत आहे? त्याने हात धुतले होते का? मी चाळीस वर्षांत एक वस्तू न पुसता माणसाच्या तोंडाला लावलेली नाही."

मुलीने एक पाकीट फोडलं. "पुसा. नेहमीसारखी."

आप्पांनी नळी दोन्ही टोकांनी पुसली, कापसाची वात करून आतूनही पुसली आणि मशीनला लावली. रात्रभर पाण्याशिवाय काही न प्यायलेल्या मुलीने फुंकलं.

एकशे ब्याण्णव.

आप्पा खुर्चीत बसले. स्पिरिट म्हणजे दारूच, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बाटलीवरची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. "मामांची तिसरी नळी," ते कसेबसे म्हणाले, "मी तीनदा पुसली."

मुलगी रागावेल असं त्यांना वाटलं. ती खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आई गेल्यापासून आप्पांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग तिने डोळे पुसले. "एकशे एकसष्ट माणसं गेली, आप्पा. सोमवारी मॅडमना सांगावं लागेल."

"मी सांगतो," आप्पा म्हणाले.

आणि सांगितलं. मॅडमनी तोवर या शोधाबद्दल परदेशात तीन पत्रं पाठवली होती. त्या म्हणाल्या, "बाहेरच्या दारावरचे आकडे ठीक आहेत. आत जातानाचे टाकून द्या आणि पुन्हा मोजा. आप्पा असू देत. ती पोरं त्यांना खरं सांगतात. फक्त बाटली काढून घ्या."

थुंकीच्या काड्यांचा अहवाल आला तेव्हा पोरं खरं बोलतात की नाही तेही ठरलं. नाही म्हणणाऱ्यांनी खरोखरच काही घेतलं नव्हतं. अर्धी गोळी म्हणणारीने अर्धीच घेतली होती. सगळे खरं बोलले होते. आप्पांनी तो कागद दोनदा वाचला.

दादांना कळवायला हवं होतं. आप्पांनी घरी फोन केला, तो वहिनींनी उचलला. आप्पांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे हे शुद्धीत होते?"

"पूर्ण शुद्धीत."

"रडले तेव्हाही? आणि ते हात वर..."

"हो."

"भावोजी," वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या, "एवढ्यात बोलाल तर याद राखा. रविवारपासून माणसासारखे बोलतायत. काल मला विचारलं, तुझे गुडघे दुखतात का! चाळीस वर्षांत पहिल्यांदा. थोडे दिवस जाऊ देत, मग सांगा."

थोडे दिवस गेले. आता दादा दर रविवारी सकाळी येतात, आप्पांना 'तू' म्हणतात आणि 'त्या रात्री माझा तोल गेला होता' अशी सुरुवात करून बहिणीच्या गोष्टी सांगतात. ती नऊ वर्षांची असताना शाळा चुकवून दिवसभर नदीकाठी बसली होती आणि दादांनी घरी खोटं सांगितलं होतं, हे आप्पांना परवा कळलं. दादांची भाषणंही बदलली आहेत. "आजवर मी ऐकीव बोलत होतो," ते म्हणतात, "आता अनुभवाने बोलतो," आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरते. पुढच्या महिन्यात त्यांची नऊ भाषणं आहेत.

नव्याने मोजायच्या एकशे एकसष्टांपैकी अडतीस झाले आहेत. आधीच्या एकशे साठ जणांना ही चूक कळवता येणार नाही, कारण त्यांची नावंच कुठे लिहिलेली नाहीत. एकाचं नाव आणि पत्ता आप्पांना माहीत आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.